आठ आठवड्यांत जास्तीत जास्त किलो: ऑफिसच्या वजन-चॅलेंजमध्ये उतरावं का?

रातराणी_७
मंडळी, ऑफिसात पुढच्या महिन्यापासून वजन घटवायचं चॅलेंज आहे. आठ आठवडे, चौघांची एक टीम, दर सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर काटा. शेवटी ज्या टीमचं वजन सगळ्यात जास्त उतरेल तिला बक्षीस. एका टीमला चौथा भिडू मिळत नाहीये, म्हणून माझ्यामागे लकडा लागलाय. माझं वजन हवं त्यापेक्षा बारा-पंधरा किलो जास्त, म्हणजे उमेदवार म्हणून मी अगदी आदर्श.

एकीकडे वाटतं, एरवी माझ्याच्याने काही होत नाही, निदान ढकलायला कुणीतरी असेल. दुसरीकडे मागच्या खेपेचे विजेते रोज समोर दिसतात. बक्षिसाच्या फोटोतले ते हेच का, असा प्रश्न पडावा इतके पूर्ववत झालेत. बहीण म्हणते, सावकाश कर, रोज चाल, जेवण आवर, वर्षभरात आपोआप उतरेल. ऐकायला छान आहे. फक्त ते 'सावकाश' गेली कित्येक वर्षं सुरूच झालेलं नाही.

तर प्रश्न असा: अशा चॅलेंजमध्ये उतरलेलं वजन कुणाचं उतरलेलंच राहिलंय का? स्वतःचा किंवा जवळून पाहिलेला अनुभव असेल तर लिहा. उपदेश घरी पुरेसा मिळतो.

कुंपणावरचा
नाही. पुढचा प्रश्न?

खारूताई
आमच्या जिममध्ये असंच झालं होतं. मी भाग घेतला नव्हता, नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे शेवटच्या दिवशीची धमाल अगदी हातभर अंतरावरून पाहिली. एक गृहस्थ आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब न घेता आलेले, ओठांचे पापुद्रे सुटलेले. काट्यावर चढण्याआधी त्यांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली, मोजे काढले, चष्मा काढून माझ्या हातात दिला. आकडा मनासारखा दिसेना म्हणून "पाच मिनिटं थांबा" म्हणाले, बाथरूमला जाऊन आले आणि पुन्हा चढले. दोनशे ग्रॅम कमी! चेहरा असा खुलला की विचारू नका.

एक मुलगी पहिल्या दिवशी जाडजूड जीन्स, जॅकेट, बूट घालून आणि भरपेट जेवून आली होती. शेवटच्या दिवशी पातळ ट्रॅकपँट आणि अनवाणी. तिचे दीड-दोन किलो तर कपड्यांतच उतरले. पहिला नंबर तिचाच आला.

कुंपणावरचा
योग्य निकाल. स्पर्धा काट्याला गंडवायची होती, हे तिला सगळ्यात आधी कळलं.

ढोबळमान
@खारूताई, कपडे सोडा, पहिल्या आठवड्याचा आकडा नागड्या काट्यावरसुद्धा फसवाच असतो.

शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं. मोठ्या माणसात हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की आधी हा साठा उपसला जातो आणि ते पाणी लघवीवाटे निघून जातं. झाले दीड-दोन किलो कमी. चरबी त्यात नावाला. दोन दिवस पोटभर जेवलं की तेच पाणी परत, आणि माणूस म्हणतो, "मला तर हवा खाल्ली तरी अंगी लागते."

आता चरबीचं गणित. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. 'आठवड्यात पाच किलो चरबी' अशी जाहिरात दिसली तर गुणाकार करून बघा. रोजची तूट ५५०० कॅलरींची हवी. बहुतेक माणसं दिवसभरात तेवढं खातही नाहीत, मग कमी कुठून करणार? रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तर किलोभर चरबीला दोन आठवडे लागतात. तेही सुरुवातीला. पुढे वजन घटतं तसा शरीराचा खर्चही घटतो आणि गती आणखी मंदावते.

पाणपोई
म्हणजे पहिल्या सोमवारच्या टाळ्या पाण्याला! माझं सदस्यनाम सार्थ झालं.

शिस्तप्रिय_शशी
धागा एकतर्फी चाललाय म्हणून लिहितोय.

माझं वजन चॅलेंजमध्येच उतरलं आणि बरंचसं अजून टिकून आहे. त्याआधी मीही सगळं ऐकून होतो: आहार सांभाळा, व्यायाम करा, घाई नको. घाई नको म्हटल्यावर मी कशाला करतोय? मला 'सावकाश' हा शब्द फार सोयीचा होता, कारण त्याला तारीख नव्हती. चॅलेंजने तारीख दिली, सोबत माणसं दिली आणि थोडी लाजही दिली. तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना गुडघा कुरकुरला नाही, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमणारं काम आहे. महिन्याला अर्धा किलो अशा वेगाने गेलो असतो तर तो दिवस येण्याआधीच कंटाळून सोडलं असतं. वजन जास्त असलेल्या माणसाला लवकर काहीतरी दिसावं लागतं हो. बारीक माणसांना हे समजत नाही.

पाणपोई
@शशी, पटलं. पण चॅलेंज संपल्यावर काय केलंत?

शिस्तप्रिय_शशी
आम्हा चौघांचं सकाळचं चालणं चालू राहिलं, अजून आहे. काटा आता रविवारी घरी. एक आकडा ठरवून ठेवलाय. त्याच्या दोन किलो वर गेलो की आठवडाभर गोड बंद आणि रात्रीचं ताट लहान. पाच किलो चढायची वाट बघत नाही.

ढोबळमान
मग वजन टिकलं ते चॅलेंजमुळे नाही, त्यानंतर जे केलंत त्यामुळे.

शिस्तप्रिय_शशी
आणि चॅलेंज नसतं तर 'त्यानंतर' आलं कुठून असतं?

कुंपणावरचा
दोघांनाही एकेक गुण. (पॉपकॉर्न आणायला निघालोय. बिनलोण्याचे.)

डॉ_निरगुडी
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

'झटपट उतरलेलं झटपट परत येतं, हळू उतरलेलं टिकतं' हे वाक्य आम्ही डॉक्टर मंडळींनीही वर्षानुवर्षं सांगितलंय. मेलबर्नच्या संशोधकांनी ते तपासून पाहिलं, निष्कर्ष २०१४ साली आले. सुमारे २०० लठ्ठ व्यक्तींची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटणी केली. एकाने १२ आठवड्यांत वजन उतरवायचं, दुसऱ्याने ३६ आठवड्यांत. निदान साडेबारा टक्के वजन उतरलं तर पुढच्या टप्प्यात प्रवेश. जलद गटातल्या ८१ टक्के लोकांनी ते गाठलं, संथ गटातल्या ५० टक्क्यांनी. शशींचा कंटाळ्याचा मुद्दा इथे दिसतो. पण पुढची जवळजवळ तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर काय निघालं? उतरलेल्यापैकी सुमारे ७१ टक्के वजन परत आलं. दोन्ही गटांत. सारखंच.

तेव्हा वेगावर फार भांडू नका. उतरवण्याचा काळ संपल्यावर काय करायचं याची तजवीज आहे की नाही, हे बघा.

दुसरं उदाहरण ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासाचं, २०१७ चं. टाइप २ मधुमेह असलेल्यांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८२५ ते ८५० कॅलरींचं द्रव अन्न दिलं. याहून झटपट काय असणार? वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता, दुसऱ्या वर्षअखेर ३६ टक्क्यांचा. मात्र तिथे सुरुवातीलाच औषधं बदलली होती, नेहमीच्या जेवणावर टप्प्याटप्प्याने आणलं होतं, आणि नंतरही नियमित भेटी होत्या. ऑफिसच्या चॅलेंजमध्ये यातला फक्त उपाशी राहण्याचा भाग असतो.

धोक्यांबद्दल: आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन घटत राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. पुरेशी प्रथिनं आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही जातात. आणि दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात. तोवर चॅलेंज संपलेलं असतं, त्यामुळे लोक शाम्पूला दोष देतात.

खारूताई
शाम्पू!! आमच्या जिमच्या विजेतीने तीन बदलले. आता अर्थ लागला. (केस परत येतात ना पण?)

डॉ_निरगुडी
बहुतेकांचे येतात, काही महिने जातात. नाहीच आले तर लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

तिसरी_घंटा
एवढ्या चर्चेत त्या अमेरिकेतल्या टीव्ही स्पर्धेचं कुणी काढलं नाही? वजन उतरवणारे सगळे पुन्हा फुगले आणि त्यांचा मेटाबॉलिझम कायमचा मेला. उपाशी राहिलात की भट्टी विझते, विषय संपला.

ढोबळमान
@तिसरी_घंटा, विषय तिथेच सुरू होतो. २०१६ सालचा तो अभ्यास फक्त १४ स्पर्धकांचा आहे. ३० आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरवले होते, सहा वर्षांनी त्यातले ४१ परत आले होते. त्यांच्या वजनावरून शरीराचा विश्रांतीतला खर्च जितका अपेक्षित होता त्याहून रोज ५०० कॅलरींनी कमी निघाला, हे खरं. पण ज्यांचं वजन जास्त टिकलं होतं त्यांचाच खर्च जास्त खाली होता. म्हणजे 'भट्टी विझली म्हणून फुगले' हे सरळ बसत नाही. शिवाय दिवसाचे कित्येक तास व्यायाम करून घेतलेल्या माणसांवरून रातराणीच्या ऑफिसचं भाकीत करू नये.

मला भुकेचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. २०११ मध्ये मेलबर्नलाच ५० जणांचा एक अभ्यास झाला. १० आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार, आणि वर्षभराने रक्त तपासलं. भूक वाढवणारं घ्रेलिन तेव्हाही वाढलेलंच, तृप्तीची खबर देणारं लेप्टिन घटलेलंच. वजन परत येतं यात माणसाच्या जिभेचाच सगळा गुन्हा नसतो.

कुंपणावरचा
थोडक्यात, चॅलेंज संपल्याचा ईमेल पोटाला जात नाही.

पाणपोई
@कुंपणावरचा 😂 हे मी स्टेटसला ठेवतेय.

टीव्हीवरून आठवलं. १९८८ साली अमेरिकेतल्या टीव्ही निवेदिका ओप्रा विन्फ्री आपल्या कार्यक्रमात हातगाडीवर ३० किलो चरबी घेऊन आल्या होत्या, द्रव आहार घेऊन एवढी उतरवली म्हणून. नंतर त्यांनीच सांगितलं की वजन लगेच परत यायला लागलं होतं. पैसा, आचारी, ट्रेनर सगळं दिमतीला असताना ही गत.

रात्रपाळी
तुमचं सगळं वाचलं. आता 'जीवनशैली बदला' म्हणणाऱ्यांना माझी एक आठवड्याची ड्यूटी द्यावी म्हणतो. हा आठवडा रात्रीची, पुढचा दुपारची. सकाळी घरी येतो तेव्हा मुलाची शाळेची घाई. 'वेळेवर जेवा, वेळेवर झोपा' ऐकलं की वाटतं, हा सल्ला ज्यांचं घड्याळ स्वतःच्या हातात आहे त्यांच्यासाठी. चॅलेंजवाले निदान आठ आठवडेच मागतात, तुम्ही तर आयुष्य मागताय!

तरी एक गोष्ट केली ती सांगतो. आमच्या मजल्यावर कॉरिडॉरच्या टोकाला पेयांचं मशीन आहे, रात्रभर गुरगुरत असतं. पहाटे तीन-चारला डोळे मिटायला लागले की सगळे तिकडे जातात, मीही जायचो. नाणी टाकायची, गोड डबा खाली धाडकन पडतो, त्या आवाजानेच निम्मी झोप उडते. मी एवढंच ठरवलं की उठायचं, तिथपर्यंत जायचं, पण बाजूच्या कूलरचं पाणी प्यायचं आणि जिन्याने दोन मजले खाली-वर करायचं. बाकी जेवण होतं तेच. कुणी वजन केलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. पट्ट्याचं भोक बदललं तेव्हा कळलं. उतरलंय थोडंच, पण परत आलं नाही, कारण मी काही सोडलंच नव्हतं जे पुन्हा धरायचं.

खारूताई
@रात्रपाळी, धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. +१००

पाणपोई
ही सवय लागायला २१ दिवस लागले का? सगळीकडे तेच सांगतात.

ढोबळमान
२१ दिवसांना आधार नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला, २०१० साली छापून आलेला अभ्यास आहे. साधी सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस निघाला, आणि पसारा १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हे मला त्यातलं सगळ्यात दिलाशाचं वाटतं. चॅलेंजमध्ये एक दिवस चुकला की लोक "गेलंच आता" म्हणत उरलेल्या आठवड्याचं वाटोळं करतात.

आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. तेवढ्यात बऱ्याच जणांची सवय लागायची बाकी असते.

ओली_माती
सगळ्यांसमोरच्या काट्याबद्दल लिहायचं होतं.

कॉलेजात असताना अशाच एका स्पर्धेत होते. वजनाच्या आदल्या दोन दिवशी काही खायचं नाही आणि वजन झालं की दार लावून मिळेल ते खायचं, इथून सुरुवात झाली. पुढे खाल्लेलं उलटून टाकणं आलं. स्पर्धा संपली, ते संपलं नाही. उपचार घ्यावे लागले, आता बरी आहे. त्या काळात माझं वजन छान उतरत होतं आणि सगळे कौतुक करत होते, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

रातराणी, तुझ्या टीममध्ये असं कुणी असेल तर ते तुला सांगणार नाही. शक्य असेल तर निदान वजन बंद खोलीत होईल एवढं बघ.

रातराणी_७
@ओली_माती, लिहिलंस हे फार बरं केलंस. उद्याच बोलते.

डॉ_निरगुडी
ओली_माती यांचा प्रतिसाद आयोजकांना जसाच्या तसा दाखवावा. ज्यांना खाण्याच्या विकाराचा पूर्वेतिहास आहे त्यांनी, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी या स्पर्धांत उतरू नये.

तिसरी_घंटा
मुद्द्यावर येऊ या. आता इंजेक्शनं निघालीत, आठवड्याला एक घ्या आणि सुटा. चॅलेंजही नको नि जीवनशैलीही.

डॉ_निरगुडी
औषधं चांगली आहेत, गरजूंनी जरूर विचार करावा. त्यातल्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. मग औषध थांबवलं, आणि वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. ती दीर्घकाळ घ्यायची औषधं आहेत, लग्नसराईपुरती नव्हेत.

कुंपणावरचा
चॅलेंज सोडलं, परत. डाएट सोडला, परत. इंजेक्शन सोडलं, परत. वजनाइतकं निष्ठावान कुणी पाहिलं नाही.

शिस्तप्रिय_शशी
माणसं टिकवतातही हो. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही आहे, किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर तरी टिकवलेल्यांची. दहा हजारांहून जास्त नावं आहेत. उतरवलं कसं, यात त्यांचा एकमेकांशी मेळ नाही. टिकवण्यात मात्र आहे: ९० टक्के लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, ७५ टक्के आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. माझा रविवारचा काटा यांच्याकडूनच उचललेला.

ढोबळमान
त्यात ज्यांचं टिकलं तेच नाव नोंदवतात, एवढं ध्यानात ठेवून मान्य.

रात्रपाळी
रोज तासभर म्हणे! बरं. जिने मोजायला लागतो.

रातराणी_७
धाग्यात एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ताजी खबर:

आयोजक बाईंकडे तीन मागण्या घेऊन गेले. वजन बंद खोलीत करावं, हे लगेच मान्य. ओली_मातीचं नाव न सांगता मजकूर वाचून दाखवला, त्या दोन मिनिटं गप्पच बसल्या. गुण फक्त किलोंवर न देता चालण्याच्या आणि जिममधल्या हजेरीवरही द्यावे, हे अर्धं मान्य, निम्मे गुण हजेरीला. शेवटचं वजन आठ आठवड्यांनी न करता सहा महिन्यांनी करावं, याला साफ नकार. "सहा महिन्यांनी मीच इथे असेन की नाही ठाऊक नाही," असं उत्तर मिळालं.

मी नाव दिलंय. बहीण नाराज आहे. शशींची तारीख मला हवीच होती. खाण्यात रोज ५०० कॅलरींच्या आसपासच तूट ठेवणार, म्हणजे टीम बहुतेक हरणार आणि शिव्या मला पडणार. चालायच्या सोबतिणींकडून मात्र वर्षाखेरपर्यंतचा शब्द आधीच घेतलाय.

आता एक शंका, डॉक्टरांसाठी. टीममधल्या एक ताई मधुमेहाची गोळी घेतात. त्यांनी उत्साहात कालपासूनच रात्रीचं जेवण बंद केलंय. आज दुपारी हात थरथरतायत आणि घाम फुटतोय म्हणत होत्या. उपासाची सवय नाही म्हणून असेल ना?

डॉ_निरगुडी
गोळी कोणती?

रातराणी_७
विचारलं. ग्लिमेपिराइड.

डॉ_निरगुडी
मग हे उपासाच्या सवयीचं नाही, साखर खाली जात असणार. ही गोळी जेवण चुकलं तरी इन्सुलिन वाढवतच राहते. त्यांना आत्ता फोन करा: आज रात्री नीट जेवायचं, झोपण्याआधी साखर तपासायची, उशाशी साखर किंवा ग्लुकोज ठेवायचं. पुन्हा थरथर, घाम, गोंधळल्यासारखं झालं तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. गोळी मनाने बंद करू नका, उद्या सकाळीच त्यांच्या डॉक्टरांना गाठून डोस ठरवून घ्या. तोवर त्यांचं चॅलेंज बंद.

रातराणी_७
फोन लावलाय, वाजतोय.

रातराणी_७
उचलला. जेवायला बसल्यात. सकाळी साडेनऊची वेळ घेतलीय, मी सोबत जातेय.